दोन सेंटिमीटर

वार्डोत सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस जातो
आणि थेट जानेवारीत परततो.
तोवर आम्ही जगतो दिव्यांवर, कॉफीवर,
आणि समोरच्यांच्या उजळ खिडक्यांवर.

मी खेकड्यांच्या कारखान्यात, वजनकाट्यावर.
साडेसहाला सुटते. हातमोजे काढले तरी बोटांचा वास जात नाही.
साडेसातच्या आत धक्क्यामागच्या उतारावर पोचावं लागतं,
ते कुणासाठी थांबत नाही.

ते म्हणजे
माझ्या शाळेच्या दिवसांत हौशी लोकांनी जमवून पाठवलेलं
पिंपाएवढं एक यंत्र.
त्याची बॅटरी कधीच मेली.
सगळ्यांनी निरोप देऊन वह्या मिटल्या.
मग वीसेक वर्षांनी त्या मेलेल्या बॅटरीतलंच काहीतरी तुटलं
आणि ऊन सरळ आत शिरलं.
आता ते उन्हात असेपर्यंत बोलतं.
सावलीत गेलं की संपलं.
पुन्हा जागं होतं तेव्हा
कालचं काही आठवत नाही त्याला.

इथे मिट्ट काळोख. वर दीड हजार किलोमीटरवर ऊन.
मी गुडघाभर बर्फात अँटेना रोखून उभी.
सूर्य नाही तर नाही,
सूर्य बघत असलेलं कुणीतरी.

अँटेना बाबांच्या मोजपट्टीची.
पिवळी पोलादी पट्टी कापून नळाच्या पाइपावर बसवली,
आकडे अजून वाचता येतात.
हिनेच त्यांनी होड्या मोजल्या, दारं मोजली,
दर वाढदिवसाला भिंतीशी उभं करून मला मोजलं.
मागच्या दांडीवर शून्य ते एकशेपाच:
साडेचार वर्षांची मी, आडवी,
वाऱ्यात थरथरते.

हाक देते. पापणी लवायच्या आत
माझाच आवाज वरून परत येतो,
थोडा बदकासारखा.
मग व्येस्वाफ. सुवाऊकीतल्या एका शाळेचा बॉयलर सांभाळतो.
त्याचा आवाज सारखा खाली घसरतो,
मी चकती फिरवत त्याला सावरत राहते.

अकरा हिवाळ्यांत आम्ही एकमेकांना दिलं ते एवढंच:
किलो क्यूबेक पाच शून्य.
किलो ऑस्कर एक चार.
पाच-नऊ, म्हणजे छान ऐकू येतंय.
त्र्याहत्तर, म्हणजे आमच्यातला रामराम.

डिसेंबरात एकदा त्याने रीत मोडली.
"सोल्फ्रीड, केव्हापासून तुला एक सांगायचंय, तुझ्या…"
आणि ते सावलीत गेलं.
नुसती खरखर.

माझ्या काय?
दुसऱ्या दिवशी वादळ.
तिसऱ्या दिवशी ते जागं झालं ते भलत्याच तऱ्हेत,
माझ्या रेडिओला न कळणाऱ्या.
काट्यावर मी एका पेटीचं वजन दोनदा लिहिलं.
त्याला काही झालंय का. त्याची बायको.
किंवा, अठ्ठावन्नाव्या वर्षीही माणूस असलं काही मनात आणतं,
आणतं, काय करणार.

सातव्या दिवशी ऊन, वारा पडलेला, आणि तो.
जिथे तुटलं होतं तिथूनच:
"…अँटेनाबद्दल. तू पाठवलेल्या कार्डावरचा फोटो
भिंगाखाली धरला. पुढच्या दांडीवर एक्क्याण्णव आकडा दिसतो.
एकोणनव्वद हवा."

पाच-नऊ, म्हणाले मी. त्र्याहत्तर.

घरी आल्यावर बाबांची कात्री काढली.
नव्वद आणि एक्क्याण्णव, दोन सेंटिमीटर
टणकन टेबलावर पडले.
लहान मूल एवढं वाढायला एक अख्खा उन्हाळा लागतो.
पट्टी सरकवून पुन्हा मध्यावर बांधली.
तुकडा ओव्हरकोटाच्या खिशात आहे,
बोटाला लागतो कधी कधी.

आता तो जरा जवळून बोलतो.
किंवा मला तसं वाटतं.

जानेवारीत कारखान्यात सूर्याचे गोड पाव वाटले,
सगळे खिडकीशी गेलो, डोंगरावर लाल रेघ.
संध्याकाळी मीही एकदा रीत मोडली.
म्हटलं, "व्येस्वाफ, आमच्याकडे ऊन आलं."

तो थोडा थांबला.
मग म्हणाला, "पाच-नऊ."